आवाज स्वच्छ आहे, पण फोन वाजतो का? ओपन सोर्स फोनवरच्या इंटरनेट कॉलिंगचे आठ महिने

बाबा रोज सकाळी रक्तदाब मोजतात आणि मला फोन करून आकडा सांगतात. गेल्या वर्षी एका सकाळी मी "एकशे आठ" ऐकलं, बरं वाटलं आणि कामाला लागले. संध्याकाळी धाकट्या भावाने बाबांच्या वहीच्या पानाचा फोटो पाठवला. वहीत एकशे साठ होतं. बाबा "साठ" म्हणाले होते, माझ्यापर्यंत "आठ" पोचलं. मधला "स" लाइनीने खाल्ला.

त्या रात्री मी हे असं का होतं ते शोधत बसले. जुन्या पद्धतीच्या फोन कॉलमध्ये साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातला आवाज पुढे जातो. स्वर त्यात नीट बसतात, म्हणून माणूस ओळखू येतो, बोलणं कळतं. "स"चा जोर मात्र बराचसा ४,००० हर्ट्झच्या वर असतो, आणि नेमका तोच भाग कापला जातो. एरवी आपण वाक्याच्या संदर्भावरून शब्द भरून काढतो. आकड्याला संदर्भ नसतो. एकशे आठ आणि एकशे साठ, दोन्ही रक्तदाबाचे आकडे म्हणून सहज खपतात.

म्हणून मी बाबांशी रोजचं बोलणं इंटरनेट कॉलिंगवर नेलं, आणि तेही ओपन सोर्स फोनवर, म्हणजे ज्याच्या प्रणालीचा कोड सगळ्यांना उघडून बघता येतो अशा फोनवर. आज आठ महिने झाले. माझ्याकडे दोन फोन आहेत. एक लिनेजओएस (अँड्रॉइडचीच ओपन सोर्स आवृत्ती) चढवलेला अँड्रॉइड फोन, त्यात गूगलच्या सेवा अजिबात नाहीत. दुसरा लिनक्स फोन, म्हणजे आत संगणकावर चालते तीच डेबियन लिनक्स प्रणाली आणि वर फॉश नावाचा फोनसाठीचा पडदा. बाबांकडेही मी माझ्यासारखाच, गूगलच्या सेवा नसलेला अँड्रॉइड फोन ठेवला आहे. ओपन सोर्सच का, असं भावानेही विचारलं होतं. मला कोणता कोडेक (आवाज आकड्यांत बदलून दाबून पाठवण्याची पद्धत) चालू आहे ते बघायचं होतं, नको तो बंद करायचा होता, आणि काही बिघडलं तर नोंदी उघडून कारण शोधायचं होतं. बंद ॲपमध्ये "कॉल जोडला जात आहे" याच्या पलीकडे काही दिसत नाही.

आणखी एक कारण आहे, आणि लिनक्स फोन वापरणाऱ्या बहुतेकांना ते माहीत असेल. अँड्रॉइडसाठी बनलेल्या हँडसेटवर दुसरी प्रणाली चढवली की डेटा चालतो, पण व्होल्टी, म्हणजे ४जी जाळ्यावरून साधा कॉल करण्याची सोय, बऱ्याचदा चालत नाही. जिथे जुनी २जी आणि ३जी जाळी बंद झाली आहेत, तिथे अशा फोनवरून साधा कॉलच लागत नाही. तिथे इंटरनेट कॉलिंग हा हौशीचा विषय उरत नाही. त्याशिवाय तो फोनच नाही.

आधी आवाजाबद्दल सांगते, कारण तिथे माझी काहीच तक्रार नाही. या सगळ्या ॲपमागे आज ओपस नावाचा कोडेक आहे. तो २०१२ मध्ये इंटरनेटचं प्रमाण म्हणून मान्य झाला, कुणालाही मोफत वापरता येतो, आणि सेकंदाला ६ किलोबिटपासून ५१० किलोबिटपर्यंत कुठेही चालतो. बोलण्यासाठी २४ किलोबिट पुष्कळ होतात. जुन्या टेलिफोनचा जी.७११ कोडेक ६४ किलोबिट खातो आणि तरी सेकंदाला आवाजाचे फक्त ८,००० नमुने घेतो; त्यांत नमुन्यांच्या निम्म्या, ४,००० हर्ट्झपर्यंतचाच आवाज मावतो, म्हणजे "स" गेलाच. दर २० मिलिसेकंदांना एक पाकीट आणि त्यावरची पत्त्याची ४० बाइट धरली तर ओपसचा तासभराचा कॉल एका दिशेला साधारण १८ एमबी होतो, जी.७११चा ३६ एमबी. निम्म्या डेटात दुप्पट स्वच्छ आवाज.

पहिल्या दिवशी मी बाबांना म्हटलं, "बाबा, तुम्ही नुसतं साठ, आठ, साठ, आठ असं म्हणा." त्यांनी दहा-बारा वेळा उलटसुलट म्हटलं. मी डोळे मिटून प्रत्येक वेळी बरोबर ओळखलं. त्यांचं "स" म्हणताना दातातून जे बारीक हवा सुटल्यासारखं होतं, ते मला समोर बसल्यासारखं ऐकू आलं.

दोन आठवड्यांनी "स" पुन्हा गायब झाला. नेटवर्क तेच, ॲप तेच, कोडेक ओपसच दिसत होता. शेवटी कळलं, की बाबांना फोन कानाशी धरून हात दुखतो म्हणून भावाने त्यांना ब्लूटूथ हेडसेट आणून दिला होता. ब्लूटूथवर गाणी ऐकताना एक पद्धत चालते आणि माइक चालू झाला की दुसरी. जुन्या हेडसेटमध्ये या दुसऱ्या पद्धतीत सीव्हीएसडी नावाचा कोडेक असतो, आणि तो परत ८,००० नमुन्यांवर येतो. म्हणजे इंटरनेटवरून सगळा आवाज येऊ शकत होता, पण तो बाबांच्या ओठापासून खिशापर्यंतच्या हातभर अंतरात कापला जात होता. एमएसबीसी हा नवा कोडेक चालणारा हेडसेट घेतला, तो १६,००० नमुने घेतो, आणि "साठ" परत साठ झाला. कुणी इंटरनेट कॉलिंगचा आवाज वाईट म्हणून तक्रार करत असेल, तर आधी ब्लूटूथ काढून तारेचा इअरफोन लावून बघा. मी आता हाच पहिला प्रश्न विचारते.

एवढ्यावर मी हे परीक्षण पाच तारे देऊन संपवलं असतं. पण मग एका दुपारी बाबांनी भावाच्या फोनवरून विचारलं, "अगं, तीनदा फोन लावला मघाशी, कुठे होतीस?"

माझा फोन समोर टेबलावर होता. वाजला नव्हता. कॉलच्या यादीत चुकलेल्या कॉलची खूणही नव्हती. बाबांच्या कानात मात्र रिंग वाजत होती, कारण ती माझ्या फोनने नव्हे, मधल्या सर्व्हरने वाजवली होती. ते बिचारे वाट बघत राहिले, आणि माझ्या फोनला कुणी बोलावतंय याचा पत्ताच नव्हता. ही सेवा कोणाची होती ते महत्त्वाचं नाही, कारण नंतर मी तीन-चार ठिकाणी खाती उघडून पाहिली आणि हेच कमी-अधिक सगळीकडे झालं.

या आठ महिन्यांत माझं एक मत पक्कं झालं. ओपन सोर्स फोनवर इंटरनेटवरून फोन करणं ही सुटलेली गोष्ट आहे. फोन येणं अजून सुटलेलं नाही. ॲप उघडून, हिरवं बटण दाबून "वा, काय आवाज आहे" म्हणणारं परीक्षण अर्धवट आहे. फोन खिशात टाका, स्क्रीन बंद करा, अर्धा तास विसरा, आणि मग कुणाला तरी फोन करायला सांगा. तेव्हा जे होतं ते खरं.

असं का होतं, ते मला समजलं तसं सांगते. साधा कॉल येतो तेव्हा फोनचा मुख्य प्रोसेसर झोपलेला असला तरी मॉडेम जागा असतो आणि तो सगळ्यांना उठवतो. इंटरनेट कॉलसाठी ॲपला सर्व्हरशी वाट उघडी ठेवावी लागते. मध्ये राउटर असतो, तो आतल्या फोनचा पत्ता बदलून बाहेर पाठवतो, आणि यूडीपीवरची (कायमची जोडणी न बांधता पाकिटं पाठवण्याची पद्धत) ही नोंद थोडा वेळ हालचाल नसली की पुसून टाकतो. कुठे दोन-तीन मिनिटांनी, कुठे अर्ध्या मिनिटातच. नोंद पुसली की वाट बुजली. सर्व्हर हाका मारतो, त्या फोनपर्यंत पोचत नाहीत. म्हणून ॲपला सारखं "मी आहे, मी आहे" सांगत राहावं लागतं, आणि प्रत्येक वेळी रेडिओ जागा होतो, बॅटरी जाते. त्यात अँड्रॉइडने ६.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, डोझ आणलं. फोन स्थिर पडून राहिला की ॲपचं नेटवर्क थांबवायचं आणि मधूनमधूनच थोडी मोकळीक द्यायची. नेहमीच्या अँड्रॉइडवर यातून सुटका गूगलच्या पुश सेवेने होते: एकच जोडणी, ती गूगलची, आणि सगळ्या ॲपना तीच उठवते. माझ्या फोनवर ती सेवा नाही. मी ती मुद्दाम काढली आहे. म्हणजे हा प्रश्न मलाच सोडवायला हवा होता.

मी एक वही केली. कॉल किती वाजता केला, स्क्रीन किती वेळ बंद होती, वाय-फाय की मोबाइल डेटा, आणि किती सेकंदांनी वाजला. भाऊ रोज रात्री दोनदा फोन करायचा, वेळ मला न सांगता. "ताई, आज वाजला का?" असा त्याचा मेसेज येई आणि मी वहीत लिहून ठेवी.

सिपवर चालणारी ॲप सर्वांत आधी घेतली. सिप म्हणजे कॉल जुळवण्याची भाषा, तिचं आजचं प्रमाण २००२चं आहे. बेअरसिप आणि लिनफोन ही दोन ॲप मी आलटून पालटून वापरली. लिनफोन २००१ पासून चालू आहे, आणि इतक्या वर्षांचा पक्केपणा त्याच्या सेटिंगमध्ये जाणवतो. बेअरसिप साधं, रुक्ष, पण जे करतं ते नेमकं करतं. दोन्हींत मला तीन गोष्टी कराव्या लागल्या. बॅटरी ऑप्टिमायझेशनमधून ॲपला सूट दिली. यूडीपी सोडून टीएलएस धरलं, म्हणजे टीसीपी या जोडणी बांधून ठेवणाऱ्या पद्धतीवरची कुलूपबंद वाट, पोर्ट ५०६१, कारण टीसीपीची नोंद राउटर बराच जास्त वेळ जपतो. आणि ॲपला कायम चालू राहायची परवानगी दिली, त्याची खूण वरच्या पट्टीत सतत दिसते. यानंतर वाय-फायवर फोन जवळजवळ नेहमी वाजू लागला. मोबाइल डेटावर, घराबाहेर, एका जाळ्यातून दुसऱ्यात जाताना मात्र दोन-तीन मिनिटांची भगदाडं राहिली. त्या वेळात आलेला कॉल गेला तो गेलाच.

सिपचं दुसरं जुनं दुखणं म्हणजे एका बाजूचा आवाज. फोन वाजतो, उचलता, तुमचं समोर ऐकू जातं आणि समोरचं तुम्हाला काही नाही. सिप फक्त निरोप पोचवतं, आवाज वेगळ्या वाटेने जातो, आणि फोन जर निरोपात आपला घरातला पत्ता, १९२.१६८ने सुरू होणारा, लिहून बसला तर समोरच्याचा आवाज जाणार कुठे? मला हे पहिल्या आठवड्यात चार वेळा झालं. स्टन आणि आइस, म्हणजे फोनला आपला बाहेरचा पत्ता आणि चालणारी वाट शोधून देणाऱ्या सोयी, चालू केल्या, आवाज मधून पुढे पोचवणारा टर्न सर्व्हर दिला, थोडं सुधारलं. पूर्ण बरं तेव्हा झालं, जेव्हा राउटरमधला सिप एएलजी नावाचा पर्याय बंद केला. तो मदत म्हणून दिलेला असतो, निरोपातले पत्ते आपल्या बुद्धीने बदलतो आणि बऱ्याचदा घोळ वाढवतो. तुमच्याकडे एका बाजूचा आवाज येत असेल तर हा पर्याय शोधून बंद करा. टीएलएसचा इथेही उपयोग होतो, कारण बंद पाकिटातलं राउटरला वाचता येत नाही आणि बदलताही येत नाही.

मग मी कॉन्व्हर्सेशन्स घेतलं. हे एक्सएमपीपी या मेसेज पाठवण्याच्या खुल्या पद्धतीवर चालणारं ॲप, २०२० मध्ये त्यात आवाज आणि व्हिडिओ कॉल आले. इथे मांडणीच वेगळी आहे. मेसेजसाठी सर्व्हरशी एक टीसीपी जोडणी आधीपासून उघडी असते, कॉलचा निरोप तिच्यातूनच येतो. वेगळी धडपड नाही. जोडणी तुटली तर मधले निरोप सर्व्हर जपून ठेवतो आणि परत जोडल्यावर देतो. म्हणजे भगदाडात आलेला कॉल चुकला तरी "बाबांचा कॉल चुकला" एवढं तरी कळतं. हा फरक मला फार मोठा वाटतो. चुकलेला कॉल आणि कधी कळलाच नाही असा कॉल, यांत मुलीच्या जिवाला काय फरक पडतो, ते ज्यांचे आईवडील लांब आहेत त्यांना सांगायला नको.

माझ्या वहीत सगळ्यांत कमी रिकाम्या जागा याच ॲपसमोर आहेत. बॅटरीवरही फारसा ताण दिसला नाही. शिवाय ते युनिफाइडपुशचं वाटपकेंद्र होऊ शकतं. युनिफाइडपुश म्हणजे गूगलच्या पुशला ओपन सोर्सचा पर्याय: एका ॲपने जोडणी सांभाळायची आणि बाकीच्यांना उठवायचं. एनटीएफवाय हे ॲपही तेच काम करतं. जी ॲप युनिफाइडपुश ओळखतात त्यांना स्वतःची जोडणी धरून बसावं लागत नाही. मला विचाराल तर ओपन सोर्स कॉलिंगचं भवितव्य कोडेकमध्ये नाही, या कंटाळवाण्या वाटणाऱ्या तुकड्यात आहे. प्रत्येक कॉलिंग ॲपने तो घ्यावा, असं मी मिळेल तिथे लिहिते आहे.

कॉन्व्हर्सेशन्सची अट एकच: तुमच्या एक्सएमपीपी सर्व्हरने टर्नची सोय दिलेली हवी. ती नसली तर दोन्हीकडे मोबाइल डेटा असताना कॉल जुळत नाही. सर्व्हर निवडताना ही एक गोष्ट आधी बघून घ्या.

जामीबद्दल माझ्या मनात आदर आहे. आधी एसएफएलफोन, मग रिंग, आणि २०१८ पासून जामी अशी त्याची नावं बदलत गेली, आणि ते जीएनयू प्रकल्पाचा भाग आहे. त्यात कॉल जुळवणारा मधला मालकच नाही. प्रत्येक फोन एका पसरलेल्या जाळ्यातला धागा होतो आणि ४० अक्षरांच्या ओळखीवरून दुसऱ्याला शोधतो. खातं उघडायला ना नंबर, ना ईमेल. दोघं जागे असताना जोडलेला कॉल उत्तम चालला. पण जाळ्यात राहायचं तर जागं राहायला हवं, आणि खिशातल्या फोनला जागं राहणं महाग पडतं. युनिफाइडपुश दिल्यावर फरक पडला. तरी बाबांसाठी मी ते ठेवलं नाही, कारण वाजायला कधी दोन सेकंद लागत, कधी पंधरा, आणि बाबा पाचव्या रिंगला फोन ठेवून देतात.

सिग्नलही चालतं, गूगलच्या सेवा नसल्या तर स्वतःची जोडणी उघडतं, आवाज छान आहे. माझ्या वहीत त्याच्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, आणि ही चांगलीच गोष्ट आहे. फक्त खात्यासाठी फोन नंबर लागतो आणि सर्व्हर एकाच संस्थेचा आहे, हे ज्यांना चालतं त्यांनी खुशाल घ्यावं. सणासमारंभाला आठ-दहा जण एकत्र बोलायचे असतील तर जित्सी मीट ब्राउझरमध्ये उघडतो. दुवा पाठवला की काम झालं, बाबांनाही जमतं.

गोपनीयतेबद्दल एक प्रसंग सांगायचाच आहे. लिनफोनमध्ये झेडआरटीपीची सोय आहे. सिपवर टीएलएस असलं तरी कुलपाची किल्ली अनेकदा सर्व्हरच्या हातून जाते. झेडआरटीपीत दोन फोन ती आपापसात ठरवतात आणि पडद्यावर चार अक्षरं दाखवतात. दोघांनी ती एकमेकांना वाचून दाखवायची. मध्ये कुणी बसून ऐकत असेल तर अक्षरं जुळत नाहीत. मी बाबांना हे समजावलं. त्यांनी चष्मा लावला, फोन डोळ्यांपासून लांब धरला असणार, कारण आवाज जरा दूर गेला, आणि म्हणाले, "बी. चार." मी माझी दोन म्हटली. क्षणभर थांबून बाबा म्हणाले, "म्हणजे आता मध्ये कोणी नाही?" मी म्हटलं, "कोणी नाही, बाबा." त्यानंतर ते आईच्या आजारपणाबद्दल बोलले, जे ते फोनवर कधी बोलत नसत. मला तंत्रज्ञानाची माहिती आहे, पण त्या चार अक्षरांचं काम मला त्या दिवशी कळलं.

आता लिनक्स फोन. याच्यावर माझा जीव आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. ग्नोम कॉल्स हे त्याचं डायलर, आणि २०२१च्या ४१व्या आवृत्तीपासून त्यात सिप आलं. खातं भरलं की तोच नंबरांचा पडदा, तीच संपर्कांची यादी, आणि खाली फक्त कशावरून लावायचा ते निवडायचं. वेगळं ॲप नाही. नोकियाच्या एन९०० वर २००९ मध्ये मी हेच पाहिलं होतं. संपर्काचं पान उघडलं की साधा कॉल, स्काइप, सिप, सगळं एकाखाली एक. फोनने कोणत्या तारेवरून बोलायचं हा तपशील होता, ॲप नव्हतं. अँड्रॉइडमध्येही २.३ आवृत्तीपासून, २०१० मध्ये, सिप आतच होतं, आणि १२व्या आवृत्तीत ते काढलं गेलं. मला ते काढणं चुकीचं वाटतं. डायलरमध्ये एका जागी असलेली गोष्ट प्रत्येक ॲपच्या वेगळ्या दारामागे गेली, आणि बाबांच्या वयाच्या माणसाला "कशावर फोन करू?" हा प्रश्न रोज पडू लागला. ग्नोम कॉल्सने तो मार्ग परत उघडला, यासाठी त्या लोकांचं मनापासून कौतुक.

आवाज तिथेही चांगला, फक्त स्पीकरवर टाकलं की समोरच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू जातो. अँड्रॉइड कॉलसाठी प्रतिध्वनी पुसण्याची सोय बहुतेक फोनवर तयार देतं, इथे ती आपण लावायची. पल्सऑडिओ या लिनक्समध्ये आवाज सांभाळणाऱ्या भागाचं इको कॅन्सल मॉड्यूल चालू केलं आणि बाबांची कुरकुर थांबली. इअरफोन लावला तर तेवढंही करावं लागत नाही.

पण झोप! माझा लिनक्स फोन झोपला की वाय-फायसुद्धा झोपतं. मॉडेम जागा राहतो, म्हणून साधा कॉल किंवा एसएमएस आला की फोन उठतो. सिपचा निरोप वाय-फायच्या दारात येऊन परत जातो. झोप बंद ठेवली तर बॅटरी अर्धा दिवसही पुरत नाही. भावाने एक युक्ती काढली: आधी कोरा एसएमएस, पंधरा-वीस सेकंद थांबायचं, मग सिपवर कॉल. एसएमएसने फोन उठतो, तेवढ्यात सर्व्हरशी जोडणी होते, आणि कॉल येतो. भावाला हे जमतं. बाबांना मी असं काही सांगणार नाही. ज्याला आपली गरज आहे त्याने दोन पायऱ्या चढून यायच्या, हे मला पटत नाही. म्हणून हा फोन आता टेबलावर चार्जरला लावलेला असतो, झोप बंद, आणि तिथे तो घरच्या जुन्या लँडलाइनसारखा इमानदारीने वाजतो.

दोन गोष्टी जाता जाता. "मराठीसाठी एक दाबा" असं सांगणाऱ्या सेवांना सिपवरून फोन लावलात आणि बटण पोचत नसेल, तर सेटिंगमध्ये डीटीएमएफची, म्हणजे बटणांचे सूर पाठवण्याची, पद्धत बदलून बघा, माझं काम तेवढ्याने झालं. आणि आपत्कालीन क्रमांकासाठी यांतल्या कुठल्याही ॲपवर विसंबू नका. ती वाट सिमकार्डाची आहे, आणि ज्या फोनवर साधा कॉलच लागत नाही तो घरातला एकमेव फोन असू देऊ नका. बाबांच्या उशाशी म्हणून मी बटणांचा साधा फोनही ठेवला आहे.

तारे द्यायचे तर आवाजाला मी पाचपैकी पाच देते. लावायला सोपं आहे का, याला तीन. वाजण्याला अँड्रॉइडवर कॉन्व्हर्सेशन्ससह चार, सिपला तीन, खिशातल्या लिनक्स फोनला एक. एक तारा वाईट वाटून देते आहे, कारण त्याच फोनचं डायलर मला सगळ्यांत आवडतं. झोपेत वाय-फायवरच्या ठरावीक पाकिटाला उठण्याची सोय ज्या दिवशी त्यात नीट बसेल, त्या दिवशी मी हा आकडा बदलेन.

बाबांच्या फोनवर सध्या एवढंच आहे: पहिल्या पडद्यावर माझा आणि भावाचा फोटो, दाबला की कॉन्व्हर्सेशन्सवरून कॉल, एमएसबीसीचा हेडसेट, बॅटरीची सूट चालू. भाऊ अजूनही आठवड्यातून एकदा न सांगता फोन करतो. काल रात्री फोन पालथा ठेवून मी चाळीस मिनिटं वाचत बसले होते, आणि तो तिसऱ्या सेकंदाला वाजला. सकाळी बाबांनी आकडा सांगितला. एकशे बत्तीस.